बडोद्याच्या कॉलेजी मराठीचा कोश : शब्द द्या, आणि त्यांच्या ‘खऱ्या’ व्याख्याही

दांडियाबाजारकर

१९३१ साली आपल्या बडोद्यात श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू छापला गेला. कारभारातला एकेक इंग्रजी शब्द घेऊन गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्याच्याशेजारी मांडलेले. तो कचेरीचा कोश झाला. आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली, टेक्नॉलॉजीच्या ड्रॉइंग हॉलमध्ये आणि सेव-उसळच्या गाडीपाशी आपली मुलं जी मराठी बोलतात, तिचा कोश कुणी केलेला नाही. तो इथे करू या.

नोंदी दोन प्रकारच्या येतील असं दिसतं. एक, रुळलेले शब्द. दोन, नेहमीच्या किंवा पाठ्यपुस्तकी शब्दांच्या पोरांनी केलेल्या व्याख्या. दोन्ही एकाच यादीत ठेवाव्यात का, हा माझा प्रश्न आहे. माझं मत ठेवाव्यात असं आहे, पण कुठली व्याख्या घ्यायची आणि कुठली नाही याला काही कसोटी हवी. सुरुवातीला तीन नोंदी देतो.

घोकंपट्टी (स्त्री.) : न समजता पाठ करणे. बडोद्यात ‘गोखणपट्टी’ हे गुजराती रूपही मराठी वाक्यात सर्रास येतं. “थर्मोची नुसती गोखणपट्टी चालू आहे.”

दांडी (स्त्री.) : तासाला न जाणे. ‘मारणे’ लागतं. गुजराती जोडीदार दोन, गापची आणि गुल्ली, दोघांनाही ‘मारणे’च.

कापली (स्त्री.) : परीक्षेत लपवून नेलेली चिठ्ठी. शब्द गुजराती, मूळ अर्थ नुसता कागदाचा तुकडा. महाराष्ट्रातला पाहुणा याला ‘कॉपी’ म्हणेल, आणि ‘कॉपी’ म्हणजे कृतीही आणि चिठ्ठीही.

लपेट

दीडशहाणा = दोढडाह्यो. दोन्हीकडे दीडच. यादीत घ्या.

टी-स्क्वेअर

जीटी राहिलं की! लघुरूप आहे ‘ग्लास ट्रेसिंग’चं, क्रियापद पुन्हा ‘मारणे’. “शीट जीटी मारली.” नोंदीत नुसतं ‘नक्कल करणे’ लिहू नका, ती विशिष्ट कृती आहे.

पाच-सहा मिमी जाडीची काच दोन टेबलांमधल्या फटीवर ठेवायची, खाली दिवा. मूळ शीट (दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग) काचेला चिकटपट्टीने लावायची, वर कोरी. आधी चारी कोपरे आणि किनार जुळवायची, मग २एच पेन्सिलीने फिकट रेघा, शेवटी गडद. बिघडतं ते दोन ठिकाणी. साधा बल्ब काचेच्या अगदी जवळ ठेवला तर कागद एकाच जागी तापतो, त्यातला ओलावा जातो आणि शीट तिथे फुगते. मग रेघ सरकते आणि पुढची सगळी मापं सरकलेल्या रेघेवरून येतात. म्हणून ट्यूबलाइट. दुसरं, ए१ शीट (५९४ × ८४१ मिमी) काचेवर एका वेळी मावत नाही. अर्धी झाल्यावर सरकवायला लागते आणि नेमकी मधल्या रेषेवर जोड दिसते.

ओळखू कशी येते, हेही व्याख्येत हवं : कंपासच्या टोकाचं भोक नसतं, रचनारेषा नसतात, सगळ्या रेघा एकाच दाबाच्या असतात, आणि मूळ शीटवरची चूक जशीच्या तशी उतरलेली असते. खरगपूरच्या आयआयटीत नक्कल करण्याला ‘टोपो’ म्हणतात. तो शब्द कुठल्याही नकलेला चालतो. जीटी फक्त शीटपुरतं.

अर्धमात्रा

@टी-स्क्वेअर, उत्तम. नोंद अशीच हवी, वाचून ती गोष्ट ओळखता आली पाहिजे.

@दांडियाबाजारकर, गमतीच्या व्याख्यांना मात्र माझा विरोध आहे. १९९९ साली सुरू झालेली अर्बन डिक्शनरी पाहा. कुणीही व्याख्या टाकायची आणि लोकांनी मतं द्यायची. त्यामुळे वर येते ती सर्वात हसवणारी व्याख्या, सर्वात अचूक नाही. वीस वर्षांनी ते पान उघडणाऱ्याला शब्दाचा अर्थ शोधायला सात विनोद ओलांडावे लागतात.

याउलट १८७९ साली जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या कोशासाठी जनतेला आवाहन केलं तेव्हा मागितलं काय? व्याख्या नव्हे, वापर. शब्द, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, ग्रंथ, पान. एका चिठ्ठीवर एकच शब्द. व्याख्या करायचं काम संपादकांचं. लोकसहभागाचा कोश टिकवायचा तर लोकांकडून वाक्यं घ्यावीत.

लपेट

म्हणजे ऑक्सफर्डचा कोश कापल्यांवर उभा आहे तर. :)

अर्धमात्रा

अगदी! सहा इंच बाय चार इंचांच्या.

कमाटीबागेतला

एटीकेटीची नोंद नीट व्हायला हवी, कारण महाराष्ट्रातले वाचक ती ‘केटी’ म्हणून ओळखतात आणि दोन्हीकडे लोक तिला ‘नापास’ समजतात. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ : काही विषय राहिले, तरी वरच्या वर्गाची सत्रं भरायची परवानगी आहे. नापास झालेला खालीच राहतो, एटीकेटीवाला वर जातो आणि मागचे विषय सोबत नेतो. किती विषयांपर्यंत हे चालतं ते अभ्यासक्रमागणिक वेगळं, म्हणून नोंदीत आकडा घालू नये.

सत्र ‘कीप’ करणं ही भाषा लंडनच्या इन्समधली, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांमधली. तिथे ठरावीक सत्रांत ठरावीक वेळा जाऊन जेवलं की सत्र भरलं असं धरत. जेवण तिकडेच राहिलं, आपल्याकडे हजेरी उरली.

क्रियापद ‘लागणे’. आजार लागतो, ठेच लागते, तशी एटीकेटी लागते. ‘मिळाली’ म्हणणारा मला बडोद्यात ऐकू आलेला नाही, जरी नियमानुसार ती सवलत आहे.

आता व्याख्या : “एटीकेटी : देह वरच्या वर्गात, चित्त खालच्या.” अर्धमात्राताई, ही घेणार की नाही?

अर्धमात्रा

घेईन. ही तपासता येते म्हणून. देह वरच्या वर्गात आहे हे नियमाने खरं आहे, चित्त खालच्या वर्गात आहे हे वेळापत्रकाने. पण समजा “एटीकेटी : विद्यार्थ्याचा छळ” अशी कुणी दिली असती, तर ती वायवा (तोंडी परीक्षा), सबमिशन, हॉस्टेलची डाळ कशालाही लागू पडली असती. ती मी घेणार नाही.

सूरसागर_काठ

वा, कसोटी सापडली! व्याख्या दुसऱ्या शब्दाला लावून पाहायची. तिथेही बसली तर बाद.

लंबक

मग या कसोटीवर ही घासून बघा :

“रीडिंग बसवणे : उत्तर आधी, प्रयोग नंतर.”

फिजिक्सच्या लॅबमधला हा शब्द सर्वत्र चालतो. गणितातल्या ‘उत्तर बसवणे’चा भाऊ. उदाहरण साध्या लंबकाचं. एक मीटर लांबीला २० आंदोलनांना साधारण ४०.१ सेकंद लागतात, ८० सेंमीला ३५.९. बसवणारा जी (गुरुत्वीय त्वरण) = ९.८ धरून वेळ मागून काढतो आणि तक्त्यात भरतो. पकडला का जातो? हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ४० सेकंदांत ती अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून जी मध्ये ती एक टक्का होते. म्हणजे प्रामाणिक तक्त्यात जी ९.७ ते ९.९ असा हलणारच. ज्याच्या पाचही ओळींत ९.८० आलंय त्याने लंबक हलवलाच नाही.

थोडा अनुभवी बसवणारा मुद्दाम दशांश हलवतो. पण तो एकदा वर, एकदा खाली असा नेमाने हलवतो. खरी चूक इतकी समजूतदार नसते, कधी सलग तीनदा एकाच बाजूला जाते.

टी-स्क्वेअर

हहपुवा! ‘खरी चूक समजूतदार नसते’ हे लॅबच्या दारावर लिहायला हवं.

सूरसागर_काठ

अवांतर : हहपुवा (हसून हसून पुरेवाट), कृहघ्या (कृपया हलके घ्या), प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे), पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), हेही लोकांनीच केलेले शब्द, आणि पूर्ण मराठी घडणीचे. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मात्रेसकट उचलायचं आणि सलग वाचायचं. इंग्रजीत नुसतं अक्षर उचलतात, आपल्याकडे मात्रा सोबत येते म्हणून ते उच्चारता येतात. कॉलेजी शब्दांत मात्र ही रीत दिसत नाही. तिथे जीटी, वायडी, एटीकेटी, सगळी इंग्रजी आद्याक्षरं.

दांडियाबाजारकर

वायडी म्हणजे ‘इयर डाउन’, वर्ष गेलेला. पुण्याकडे जास्त, इथेही कळतो.

फॅकल्टीची_वाट

हजेरीवर एक नोंद.

“दांडीचं बजेट : एकूण तासांतून सक्तीचे तास वजा केल्यावर उरतात ते.”

जिथे ७५ टक्के हजेरीची अट आहे तिथे ४८ तासांच्या विषयाला ३६ भरावे लागतात, बजेट १२. पोरांची गल्लत होते ती अशी की ते बजेट छापील वेळापत्रकावरून काढतात. सुट्ट्या, स्पर्धा, रद्द झालेले तास यांनी प्रत्यक्षात ४० च तास झाले तर बजेट १० वर येतं, आणि १२ आधीच खर्च झालेल्या असतात. म्हणून टक्केवारी काढताना छेदात ‘आजवर झालेले’ तास हवेत. ‘डिटेन’ हा शब्द इथून पुढे येतो. ज्याचं बजेट संपलं त्याला परीक्षेला बसू न देणे.

प्रॉक्सी (स्त्री.) : दुसऱ्याच्या नावाला ‘येस सर’ म्हणणे. ‘मारणे’ आणि ‘लावणे’ दोन्ही चालतात. नुसता आवाज बदलून भागत नाही, जागाही बदलावी लागते हे नवशिक्याला कळत नाही. आवाज कुठल्या बाकावरून आला तेच समोरून आधी टिपलं जातं.

राजवाडा_ते_सराफा

इंदूरहून डोकावतोय. तुमच्याकडे गुजराती मिसळते, आमच्याकडे हिंदी, आणि खरा घोटाळा पाठ्यपुस्तकी शब्दांत होतो. मराठीत ‘क्षार’ म्हणजे सॉल्ट. हिंदी पुस्तकात ‘क्षार’ म्हणजे अल्कली, सॉल्टला ते ‘लवण’ म्हणतात. घरी आईबाबा मराठीतून समजावतात “आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी”, आणि पोर शाळेतून “अम्ल आणि क्षार मिळून लवण आणि पाणी” ऐकून आलेलं असतं. दोघंही बरोबर, आणि वहीत गोंधळ. ‘क्षार’ला दोन नोंदी लागतील, गावाच्या नावासकट.

लंबक

@राजवाडा_ते_सराफा, फार उपयोगाचं. गुजरातीत ‘क्षार’ आपल्यासारखाच, सॉल्ट. पण बाकी फरक आहेत. मराठी त्वरण, गुजराती प्रवेग. मराठी संवेग, गुजराती वेगमान. मराठी दाब, गुजराती दबाण. शेवटच्यात निदान अंदाज येतो. प्रवेग वाचून मराठी माणूस ‘जास्त वेग’ समजतो आणि गाडी ताशी ६० ने सरळ जात असताना प्रवेग मोठा सांगतो, जो खरं तर शून्य आहे.

आणि पोरांच्या व्याख्यांचं म्हणाल तर पाठ्यपुस्तकाची ‘कार्य’ची व्याख्याच सगळ्यात धाडसी आहे. वीस किलोचं पोतं डोक्यावर घेऊन तासभर स्थिर उभे राहा, पोत्यावर केलेलं कार्य शून्य. तेच एक मीटर उचला, सुमारे १९६ ज्यूल. हमालाला हे सांगून पाहावं.

लपेट

“कार्य (भौतिकी) : मजुरी ठरवताना वापरू नये.”

अर्धमात्रा

@लपेट, मंजूर. दुसऱ्या कुठल्या शब्दाला बसत नाही.

फिरकी_भरलेली

मी एक सुचवते. प्रबंधाच्या आराखड्याला ‘किन्ना’ म्हणावं. पतंगाला दोरी बांधण्याआधी आपण वरच्या आणि खालच्या भोकातून जो दोरा बांधतो तो किन्ना. खालची बाजू बोटभर लांब ठेवली की पतंग वाऱ्यात आडवा राहतो आणि जोराच्या वाऱ्यात ताण कमी पडतो. किन्ना चुकला तर पतंग गोल गोल फिरतो, मग मांजा कितीही चांगला असो. आराखड्याचं तेच. प्रश्न कुठे बांधला यावर पुढचं सगळं ठरतं.

सूरसागर_काठ

कल्पना सुरेख. पण कुणी म्हणतं का असं?

फिरकी_भरलेली

अजून नाही. आपण म्हणू लागलो तर म्हणतील.

सूरसागर_काठ

मग मला अडचण वाटते. कोश म्हणजे बोललं जातं त्याची नोंद. आपण घडवलेले शब्द त्यात मिसळले तर दहा वर्षांनी कुणी तरी लिहील की बडोद्यात आराखड्याला किन्ना म्हणत. कळफलकावर जन्मलेला शब्द आणि कट्ट्यावरचा शब्द वेगळे दिसायला हवेत.

कमाटीबागेतला

नव्यांना टाकून देऊ नका. पुढे ‘नवा’ अशी खूण करा. एखादा शब्द सुचवणाऱ्याला न ओळखणाऱ्या दोन जणांनी, वेगवेगळ्या बॅचच्या, वाक्यासकट सांगितला की खूण काढायची. एकाच ग्रुपमधले दोघे धरायचे नाहीत. मित्रमंडळींचे घरगुती शब्द असेच रुळलेले वाटतात.

नुक्ता

तांत्रिक सूचना, आत्ताच पाळली नाही तर नंतर यादी साफ करता करता जीव जाईल.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात २००८ साली, ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आलं. त्याआधीची सवय म्हणून बरेच कळफलक अजून ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं जोडून ते उमटवतात. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधाला वेगळी. ‘ॲडमिशन’ एका रूपात लिहिला आणि दुसऱ्या रूपात शोधला की ‘सापडला नाही’. मग कुणी तरी तीच नोंद पुन्हा भरतो. सगळी यादी एकाच रूपात आणा, शोधा-बदला एकदा चालवून.

तीच गोष्ट अनुस्वाराची. घोकंपट्टी आणि घोकमपट्टी अशा दोन नोंदी होतील. मुख्य नोंद एक, बाकीची रूपं तिच्याखाली. आणि क्रियापद वेगळ्या रकान्यात ठेवा. मारणे, लागणे, बसवणे, काढणे, छापणे. त्या रकान्यावरून क्रम लावला तर काय कशाला लागतं ते एका नजरेत कळेल.

टी-स्क्वेअर

‘छापणे’ घ्या. असाइनमेंट छापणे : शब्द न शब्द उतरवणे. शीटला जीटी, लेखी कामाला छापणे. उलट कधी होत नाही.

फॅकल्टीची_वाट

वायवा झाला की झाली?

दांडियाबाजारकर

माझ्या कानावर ‘झाला’.

फिरकी_भरलेली

आमच्याकडे ‘झाली’. मनातल्या मनात परीक्षा झाली म्हणून असेल.

अर्धमात्रा

दोन्ही लिहा, पुं./स्त्री. दुरुस्त करायला आपण बसलेलो नाही. लॅटिन ‘व्हिव्हा व्होचे’ म्हणजे जिवंत आवाजाने, त्यातला आवाज गळला आणि जिवंतपणा तेवढा राहिला. ‘व्हायवा’ असाही उच्चार आहे, तो खाली द्या.

लपेट

सरांच्या टोपणनावांचा वेगळा विभाग करू या का? खजिना आहे.

दांडियाबाजारकर

नको. टोपणनाव एका माणसाला चिकटलेलं असतं, तो माणूस गावात असतो आणि त्याची नातवंडंही हे वाचतात. जात, गाव, शरीर यांवरून पडलेले शब्दही नकोत, कितीही रुळलेले असले तरी. शिव्या मात्र सरसकट गाळू नयेत. ज्या शब्दाचा शिवीपणा झिजून गेलाय आणि आता तो नुसता ‘गोंधळ’ किंवा ‘फार’ या अर्थाने येतो तो घ्यावा, शेऱ्यात तसं लिहावं.

लपेट

पटलं.

कमाटीबागेतला

पाट्या टाकणे : काम केल्यासारखं दाखवून हजेरी भरणे. इथली पाटी लिहायची नाही, मातीची, मजुरांच्या डोक्यावरची. जितक्या पाट्या टाकल्या तितकी मजुरी, खड्डा भरला का हे कुणी विचारत नाही. शिकवणाऱ्यांबद्दल आणि शिकणाऱ्यांबद्दल, दोघांबद्दल वापरतात.

राजवाडा_ते_सराफा

आमचे ‘भिया’ (भाऊ) वगैरे टाकू का इथेच?

दांडियाबाजारकर

टाका, गावाच्या रकान्यात इंदूर लिहून. गाव नसलेली नोंद घ्यायची नाही असं ठरवू.

मूळ प्रश्नाचं आता असं दिसतंय : दोन्ही प्रकार एकाच यादीत, पण अर्थ आणि पोरांची व्याख्या असे दोन रकाने. अर्थाचा रकाना रिकामा ठेवून नुसती व्याख्या भरता येणार नाही. दुसऱ्या शब्दाला बसणारी व्याख्या बाद. नमुना :

शब्द : रीडिंग बसवणे
क्रियापद : बसवणे
अर्थ : अपेक्षित उत्तरावरून मागे जात प्रयोगाची निरीक्षणं लिहिणे
वाक्य : “ज्यूल्सचं रीडिंग बसवलं, पण उष्णतेचा ऱ्हास धरायला विसरला.”
पोरांची व्याख्या : उत्तर आधी, प्रयोग नंतर
गाव, फॅकल्टी, बॅचचं दशक : बडोदा, सायन्स, (सांगणाऱ्याने भरावं)
गुजराती जोडीदार :
खूण :

गुजराती जोडीदार कुणाला माहीत असेल तर भरा.

सूरसागर_काठ

एक राहिलं. ‘टप्पी पडणे’. “लेक्चरमध्ये काही टप्पी पडली नाही.” म्हणजे कळलं नाही, डोक्यावरून गेलं. गुजरातीतून आलंय आणि बडोद्याच्या मराठीत पक्कं बसलंय. नेहमी नकारातच येतं.

फिरकी_भरलेली

टप्पी नाही, टप्पो. “टप्पो पडला नाही.” आणि प्रश्नातही येतं, “टप्पो पडतो का काही?”

सूरसागर_काठ

मांडवीच्या आत, जुन्या शहरात, टप्पी.

नुक्ता

मुख्य नोंद टप्पी, खाली टप्पो, दोन्ही वाक्यं ठेवा. ‘नेहमी नकारात’ हा शेरा खोडून ‘नकारात किंवा प्रश्नात’ करा.

लपेट

अलकापुरीकडचं कुणी आहे का? तिकडे काय म्हणतात?